म्हैस, फिरती खुर्ची आणि भूप

सध्या डोक्यातून जात नाही तो ‘साबर बोंडं’. रोहन कानवडे यांच्या या सिनेमाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात मोठं पारितोषिक मिळालं, पण ते विसरून बघा. वडिलांच्या सुतकात गावी आलेला आनंद आणि लग्न टाळणारा बाळ्या, दोघांचं प्रेम इतकं हळू बोलतं की शेजारच्या पॉपकॉर्नचा राग येतो. पुस्तकांत कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. धरणानं उठवलेला देवाप्पा मागे राहिलेली म्हैस आणायला जातो, एवढंच कथानक. पहिली पानं अडखळत गेली. मग मोठ्यानं वाचलं आणि ती बोली आपोआप सुटत गेली. (घरच्यांनी दार लावून घेतलं.) टीव्हीवर ‘पंचायत’चा पहिलाच सीझन पुन्हा पाहिला. सचिवाच्या फिरत्या खुर्चीवर नवरदेव डोळा ठेवतो, तो भाग लाजवाब. पुढच्या सीझनांत निवडणुकीचीच गर्दी फार, मला नाही रुचली. आणि गाण्यात, नवं काही नाही, किशोरीताई आमोणकरांचा राग भूप. ‘सहेला रे’ शेकडो वेळा ऐकलंय, तरी त्यांचा गंधार लागला की हातातला चहा निवतो. भांडी घासताना मात्र लावू नका, दिवा मालवून ऐका.