नव्या दुकानदारास पत कोणी द्यावयाची?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा तरुण उद्योजकांविषयी लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि सारे आयुष्य रविवार पेठेत ज्वारी, तूर व गव्हाच्या राशींत गेलेले. उद्योजकतेवर विद्वानांनी मोठाले ग्रंथ लिहिले आहेत. त्यांत भर घालण्याची आमची पात्रता नाही. परंतु घाऊक व्यापारात चाळीस वर्षे काढलेल्या माणसास एक गोष्ट पुस्तकावाचून कळू लागते. ती म्हणजे माल कोणास उधार द्यावा आणि कोणास देऊ नये. तरुणांच्या धंद्याचा प्रश्न फिरून फिरून याच ठिकाणी येऊन थांबतो, असे आमचे मत आहे. म्हणून तेवढ्याच एका बाबीविषयी लिहीत आहोत. काही सभासदांस ते रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे.

हल्ली ज्यास स्टार्टअप म्हणतात त्यास आमच्या वडिलांच्या काळी दुकान टाकणे म्हणत. शब्द बदलला याचे दुःख नाही. मात्र त्या शब्दाबरोबर अशी एक समजूत पसरली आहे की तरुणास केवळ भांडवल हवे असते, आणि ते सरकारने किंवा मुंबई-बंगळूरच्या धनिकांनी द्यावयाचे असते. वास्तविक भांडवलाची पूर्वीइतकी वाण आता राहिलेली नाही. २०१५ साली मुद्रा योजना निघाली, तीत विनातारण १० लाखांपर्यंत कर्जाची सोय झाली, आणि आधीचे कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी ती मर्यादा २०२४ साली २० लाखांपर्यंत वाढविण्यात आली. २०२० साली लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी निराळी योजना आली; तीत खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठरले. प्रत्येक जिल्ह्यास एकेक पदार्थ नेमून दिला गेला, आणि आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या वाट्यास गूळ आला. कागद पुरे असतील आणि हेलपाटे घालण्याची तयारी असेल, तर बँकेतून गिरणीचे यंत्र मिळते.

प्रश्न त्यानंतरचा आहे. यंत्र बँक देते. यंत्रात घालावयाची ज्वारी कोण देणार? आणि पीठ विकले गेल्यावर त्याचे पैसे केव्हा येणार?

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण सांगतो. आपल्याच पेठेतील एका कुटुंबातील मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्यास नोकरीस होता. आई आजारी पडली म्हणून परत आला आणि ज्वारी, नाचणी व डाळींची मिश्र पिठे करून पुड्यांत भरून विकू लागला. माल खरोखरच उत्तम. विजापूरकडील ज्वारी स्वतः पारखून घेई, चाळून, वाळवून, मगच दळी. अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी केली. १८ जुलै २०२२ पासून छापील पुडीतील धान्यावर व पिठावर ५ टक्के कर लागू झाला; त्याचा हिशेबही त्याने चोख ठेवला. गावातील दुकानदारांनी कौतुक करून माल ठेवून घेतला. कौतुक रोख झाले, बिल मात्र उधार राहिले. तो वसुलीस गेला की शेठ बाहेर गेलेले असत. शेठ असले की दिवाणजी नसत. दोघे असले की अमावास्या असे. दीड वर्षाने यंत्र विकून तो पुन्हा पुण्यास गेला. आता त्याचे वडील एकटेच गल्ल्यावर बसतात.

यात कोणी लबाड होते असे आम्ही म्हणत नाही. ज्या दुकानदारांनी त्याचे पैसे अडविले, तेच दुकानदार बाहेरगावच्या मोठ्या कंपनीच्या बिस्किटांचे व साबणाचे पैसे आगाऊ भरतात, कारण न भरल्यास माल येत नाही. जो दबाव आणू शकतो त्यास आधी, आणि जो आपला आहे, जो "काका, थोडे बघा ना" एवढेच म्हणू शकतो, त्यास सर्वांत शेवटी, अशी आपल्या पेठेची रीत होऊन बसली आहे. हिशेब करून पाहावा. समजा, एखादा तरुण महिन्यास एक लाखाचा माल विकतो आणि सर्व खर्च वजा जाता त्यास सहा हजार सुटतात. पैसे तीन महिन्यांनी आले, तर दर साल दर शेकडा बारा टक्क्यांनी त्या लाखावर तीन हजार रुपये व्याज चढते. अर्धा नफा तेथेच गेला. परंतु खरे संकट व्याजाचे नव्हे. तीन महिन्यांचे तीन लाख लोकांकडे अडकले आणि त्याच्याजवळ खेळते भांडवल दोनच लाखांचे असले, तर तिसऱ्या महिन्यात ज्वारी घेण्यास हाती पैसा उरत नाही. वहीत नफा दिसत असताना धंदा बंद पडतो. अनुभवी व्यापाऱ्यास हे सांगावयास नको. पदवीधर मुलास ते कोणत्याही महाविद्यालयात शिकवीत नाहीत.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाचे पैसे, लेखी करार नसल्यास पंधरा दिवसांत आणि करार असल्यास फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही कलम घातले आणि ते १ एप्रिल २०२४ पासून अमलात आले. मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत हिशेबात धरता येत नाही. त्या वर्षी मार्च महिन्यात आपल्यापैकी कित्येकांची जी धावपळ उडाली ती आम्ही विसरलो नाही. काहींनी जुनी बिले भागविली. परंतु काहींनी नोंदणीकृत लहान उत्पादकाकडून माल घेणेच थांबविले, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले. शिवाय हा आधार माल तयार करणाऱ्यास व सेवा देणाऱ्यासच आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारास २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळू लागली खरी, पण ती केवळ बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. थकलेल्या बिलासाठी तिचा उपयोग नाही. आणि उपयोग असता तरी, ज्याच्या ओट्यावर उद्या पुन्हा माल ठेवावयाचा आहे त्याच्यावर कोणता तरुण दावा लावील?

म्हणून हे काम कायद्याचे नव्हे. पेठेच्या रिवाजाचे आहे. पूर्वी हा रिवाज होता. खेड्यातला मुलगा पेढीवर उमेदवार म्हणून राही, पोती मोजी, नमुना पाही, कीर्द-खतावणी शिके. पाच-सात वर्षांनी शेठजी त्यास म्हणत, "आता तू तुझे बघ," आणि पहिल्या हंगामाचा माल स्वतःच्या वखारीतून उचलू देत. लेखी काही नसे. त्या मालापेक्षाही अमक्या पेढीने त्यास माल दिला ही बातमीच त्याचे खरे भांडवल ठरे, कारण त्या बातमीवर दुसरी पेढीही माल देई. पत म्हणतात ती हीच. बँकेस ती देता येत नाही. बँक कागद पाहते. माणूस आपण पाहतो.

मुलाबाळांच्या शिक्षणाबाबत आपल्या वडीलधाऱ्यांनी असा हात दिला होता. १८९९ साली दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली, आणि त्या पिढीने कोल्हापूर, सांगली, बेळगाव येथे बोर्डिंगे चालविली, शिष्यवृत्त्या सुरू केल्या. खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा वकील व डॉक्टर झाला तो त्या आश्रयावर. आज दहावीत गुण मिळविणाऱ्या मुलास आपण व्यासपीठावर बोलावून शाल, श्रीफळ व लिफाफा देतो. योग्यच आहे. परंतु गुण कमी पडले म्हणून वा मनापासून आवड म्हणून जो धंद्यात उतरतो, त्याच्यासाठी आपल्या संघटनेपाशी काय आहे? व्यापाऱ्यांच्या संघटनेत व्यापारास लागणाऱ्या मुलासाठीच खण रिकामा असावा, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

या गावाने पूर्वी एक माणूस गमावला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, हे नव्या पिढीतील पुष्कळांस ठाऊक नसेल. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांची उभारणी त्यांनी येथेच केली. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने सुरुवातीचे नांगर कोणी घेईना. तरी ते हटले नाहीत. पुढे गावाच्या वाढत्या वस्तीसाठी त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली आणि त्यांस उठावे लागले. त्या अडचणीच्या वेळी औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचे माळरान दिले, पैशाचीही मदत केली, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंगाच्या माळावर गाव वसले, आणि बेळगावास उरली ती आठवण. पुढे उद्यमबागेत ओतकामाचे व यंत्रांचे कारखाने उभे राहिले, गाव काही ओस पडला नाही. तथापि पहिला हात आपण दिला नाही, दुसऱ्याने दिला, ही गोष्ट पुसता येत नाही. (जाता जाता: कर्मवीर भाऊराव पाटील हे काही काळ याच नांगरांचे फिरते विक्रेते होते. समाजाची नाडी त्यांस शेतकऱ्याच्या बांधावर कळली असावी.)

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. आपणच माल देऊन आपला प्रतिस्पर्धी का उभा करावयाचा, हा पहिला. त्यास आमचे उत्तर असे की पेठ ही दुकानांच्या संख्येवर जगते. गोव्याचा आणि तळकोकणाचा किरकोळ व्यापारी चोर्ला घाट चढून येथे येतो, तो एका दुकानासाठी येत नाही. दहा ठिकाणी भाव विचारता येतो, एका फेरीत तांदूळ, तूर, गूळ, मिरची मिळते, म्हणून येतो. आज आपल्या बोळांतून फिरले असता किती वखारींस कुलूप दिसते, ते प्रत्येकाने मोजावे. धनी वृद्ध झाले, मुले पुण्यास किंवा बंगळूरास संगणकावर, आणि वखारीत जुने बारदान. दुकाने अशीच मिटत गेली तर गोव्याची गाडी एक दिवस सरळ हुबळीस जाईल. तेव्हा प्रतिस्पर्धी नसेल, पण गिऱ्हाईकही नसेल.

दुसरा आक्षेप बुडीताचा. तो खरा आहे, आणि आम्ही त्यास हसत नाही. तरुणांत काहीजण असे असतात की माल विकण्यापूर्वीच दुकानास काचेची तावदाने व थंड हवेचे यंत्र लावतात. अशास एक पोतेही देऊ नये. जो मुलगा सकाळी साडेसहास पेठेत येतो, मूठभर तूर हातावर घेऊन ओल पाहतो, रोजची रोकड रोज लिहितो, तो कळतो. आणि मुली व सुनाही यात आल्या. पापड, लोणची, मसाले, भडंग यांचे धंदे आज आपल्या घराघरांतून त्याच चालवितात. त्यांची वसुली आमच्या अनुभवात मुलांपेक्षा चोख असते. तरी त्यांस माल देताना आपण आधी यजमानांचे नाव विचारतो, हे कशासाठी?

आमची सूचना लहान आहे. सभासदांपैकी दहा पेढ्यांनी प्रत्येकी एका तरुणास एका हंगामापुरता ठराविक रकमेचा माल साठ दिवसांच्या मुदतीने द्यावा. पहिल्या वर्षी पन्नास हजारांपलीकडे जाऊ नये. संघटनेने जामीन राहू नये, कारण जामीन मिळाला की देणारा आणि घेणारा दोघेही सैल होतात; तिने केवळ साक्षीदार असावे आणि दर महिन्यास दोघांच्या वह्या पाहाव्यात. ज्याच्यापाशी रिकामी वखार आहे त्याने तिचा कोपरा वर्षभर वापरावयास द्यावा. आणि या सर्वांहून अधिक अगत्याची गोष्ट म्हणजे सभासदांनी स्थानिक लहान उत्पादकाचे बिल तीस दिवसांत भागवावे. ज्यांनी भागविले त्यांची नावे वार्षिक सभेत वाचून दाखवावीत. ज्यांनी भागविले नाही त्यांची वाचावयाची गरज नाही; पेठेस ती आपोआप कळतील.

कार्यकारिणीपुढे हा ठराव आम्ही लेखी दिला आहे. आमच्या पेढीचे नाव त्यात पहिले घातले आहे. उरलेल्या नऊ जागा मोकळ्या आहेत. नवी तूर पौषात येऊ लागते आणि रब्बीची ज्वारी फाल्गुनात. त्यापूर्वी नावे कार्यालयात आली, तर याच हंगामात माल देता येईल.