सोफ्याला शोभेल असे चित्र

पणती हातात धरून उभ्या असलेल्या स्त्रीचे चित्र महाराष्ट्रातल्या अनेक घरांत आढळते. यजमानांना चित्रकाराचे नाव विचारावे, तर बहुधा उत्तर येते, 'रविवर्म्याचे.' रविवर्मा १९०६ साली निवर्तला. हे चित्र सावळाराम हळदणकरांनी १९४५-४६च्या सुमारास रंगवले, तेही जलरंगांत. आणि समोर पणती घेऊन उभी होती ती त्यांचीच मुलगी. मूळ चित्र म्हैसूरकरांनी जगन्मोहन राजवाड्यात जतन केले. आमच्या वाट्याला छापील प्रत आली आणि तिच्यावर नावही आम्ही दुसऱ्याचेच लावले.

मराठी मध्यमवर्ग स्वतःला रसिक म्हणवतो, आणि नाटक-संगीताच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. जुने दिवाळी अंक बांधून घेणारी, मैफलींच्या ध्वनिफिती जिवापाड जपणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. चित्राचा विषय निघाला की मात्र 'ते आपल्याला परवडत नाही' हे वाक्य ठरलेले. हे वाक्य आम्ही रोषणाईच्या फॉल्स सिलिंगखाली बसून ऐकलेले आहे! लिलावांतल्या कोटींच्या आकड्यांनी हा गैरसमज पोसला. वास्तविक वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर उन्हात बसून रंगवणाऱ्या तरुण चित्रकारांची कितीतरी जलरंगचित्रे दिवाणखान्यातल्या टीव्हीपेक्षा कमी किमतीत मिळतात. पण भिंतीवर काय यावे हे घरमालक ठरवतच नाही. सजावटकार सोफ्याचा रंग पाहतो, भिंतीची मापे घेतो आणि यंत्रावर छापलेला कॅनव्हास आणून टांगतो.

या गुन्ह्यात दुसरा आरोपीही आहे, तो म्हणजे आमच्यासारखे लिहिणारे लोक. प्रोग्रेसिव्ह गट १९४७ साली उभा राहिला आणि पुढे आमच्या समीक्षेने त्यातून एक सोयीस्कर धडा काढला: ओळखू येणारे माणूस, ओळखू येणारी नदी म्हणजे कॅलेंडर. मुळात त्या गटातल्या हुसेनने मानवाकृती कधी सोडली नाही आणि रझाची सुरुवातच मुंबईच्या जलरंगातील दृश्यांनी झाली. पण धडा रुजला. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे आवडतात म्हणणाऱ्याकडे आम्ही कीव केल्यासारखे पाहिले. अमूर्त चित्राशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते त्या भीतीशी, जिच्यापायी माणूस स्वतःच्या डोळ्यांना आवडलेले चित्र घ्यायला कचरतो आणि मग कुणाचेच नसलेले चित्र लावतो.

'संग्रहालये कशाला आहेत?' असेही विचारले जाते. संग्रहालयातली चित्रे आकाशातून पडत नाहीत. औंधचे संग्रहालय १९३८ साली उभे राहिले ते बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी स्वतः हौसेने जमवलेल्या चित्र-शिल्पांतून. ते संस्थानिक होते, हे मान्य. पण जे घरात टिकत नाही ते संग्रहालयापर्यंत पोहोचत नाही, हा न्याय संस्थानिकाला आणि कारकुनाला सारखाच. जलरंगाचा कागद नाजूक. काच थेट चिकटली की पावसाळ्यात बुरशी धरते, मागे हलका पुठ्ठा लावला की तपकिरी डाग उमटतात, समोरून ऊन आले की रंग उडतात. कागद आणि काच यांत माउंटचे अंतर ठेवायचे, ओलीची भिंत टाळायची, एवढेच करावे लागते. पण तेवढे करायला ते चित्र आपले वाटावे लागते.

आमच्या एका आप्ताच्या वाड्यात पणजीचे बसलेले चित्र होते. गावातल्या ड्रॉइंग मास्तरांनी काढलेले; नऊवारीचा काठ जरा घाईने उरकलेला, पण हात असे की ते आत्ताच कामावरून उठून आले आहेत. वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा वाटण्या झाल्या. चांदी ग्रॅमवर मोजली गेली. चित्राची चौकट सागवानी म्हणून कुणीतरी ठेवून घेतली, कागद रद्दीत गेला. आम्ही तेथे होतो आणि गप्प बसलो.

पुढे आम्ही मेणवलीच्या घाटाचे एक लहानसे जलरंगचित्र घेतले. पाण्यातले पायऱ्यांचे प्रतिबिंब सकाळी वेगळे दिसते आणि दिव्याच्या उजेडात वेगळे. पाहुणे येतात, क्षणभर थबकतात आणि विचारतात, 'सोफा नंतर घेतलात का? रंग जुळत नाही.'