पक्के बिल मागणे हाही स्वाभिमानच!

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांची ने-आण करणारा आपल्या समाजातील एक तरुण मध्यंतरी माझ्याकडे आला. कर्ज काढून गाडी घेतलेली, स्वतःच चालवतो, त्यावरच घर चालते. त्याने तिथल्याच एका दुकानातून साडेआठ हजार रुपयांची टचस्क्रीन म्युझिक सिस्टीम आणि रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतला. "एक वर्षाची वॉरंटी आहे भाऊ, काही झालं तर मी बसलो आहे ना," असे दुकानदार म्हणाला. चौथ्या महिन्यात पडदा काळा पडला. आता तोच दुकानदार म्हणतो, वॉरंटी कंपनीची आहे, कंपनीशी बोला. कंपनी म्हणते, बसवणाऱ्याने वायरिंग चुकवले, आमचा संबंध नाही. आणि गाडीच्या शोरूमने तर कहरच केला. बाहेरच्या माणसाने वायर कापली, त्यामुळे तुमच्या गाडीच्या इलेक्ट्रिकल भागाची वॉरंटीच गेली म्हणाले. तीन दारे, तिन्ही बंद!

मी बिल मागितले. त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर दुकानाचे नाव नाही, तारीख नाही, शिक्का नाही, फक्त आकडा. पक्के बिल घेतले तर जीएसटी लागेल, असे सांगून दुकानदाराने त्याला ती चिठ्ठी दिली होती. एवढे सांगून तो उठला आणि म्हणाला, "जाऊ द्या वकीलसाहेब, साडेआठ हजारासाठी कोण कोर्टाच्या चकरा मारते?"

हे 'जाऊ द्या' मला अस्वस्थ करून गेले. अत्याचाराची घटना घडली की आपण रस्त्यावर उतरतो, उतरलेच पाहिजे. आरक्षणावर घाला आला की मोर्चे काढतो. पण बाजारात रोज जी लूट होते, तिच्यापुढे आपला शिकलेला तरुणही मान खाली घालून घरी जातो. असे का?

भारतीय संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणालाही दुकानात प्रवेश नाकारता येणार नाही, असे लिहिलेले आहे. 'दुकान' हा शब्द घटनेत का आला, याचा विचार आपण कधी केला आहे काय? आपल्या आज्या-पणज्यांना दुकानाच्या पायरीखाली उभे राहावे लागत होते. वाण्याने वरून टाकलेला माल पदरात घ्यायचा आणि पैसे दुरून ठेवायचे. माल खराब निघाला तर बोलण्याची सोय नव्हती. दुकानात शिरण्याचा हक्क आपल्याला संविधानाने मिळवून दिला. पण आत शिरून, रोख पैसे मोजून, जाब न विचारता परत येणार असू, तर पायरीखालची ती सवय अजून आपल्या मनातून गेलेली नाही, असेच म्हणावे लागेल.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आपल्या तरुणापुढे पहिला आक्षेप येईल तो असा की, गाडी भाड्याने चालते, म्हणजे हा व्यापार झाला, हा ग्राहकच नाही. हा आक्षेप टिकणारा नाही. केवळ पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू वापरणारा माणूस ग्राहकच ठरतो, असे कायद्याच्या कलम २ (७) च्या स्पष्टीकरणात नमूद आहे. स्वतः चालवण्यासाठी ऑटोरिक्षा घेणारा ग्राहकच आहे, असे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात दिलेले आहे.

दुसरा मुद्दा जबाबदारीचा. उत्पादकाने स्पष्ट हमी दिली असेल आणि वस्तू त्याप्रमाणे नसेल, तर आपला निष्काळजीपणा नव्हता असे सांगून त्याला सुटता येत नाही (कलम ८४). विक्रेत्याने कंपनीच्या हमीपलीकडे स्वतःचा वेगळा शब्द दिला असेल, तर तो शब्द त्याला बांधतो (कलम ८६). आणि वायरिंग चुकले असेल, तर ती सेवेतील त्रुटी. म्हणून तक्रारीत दोघांनाही पक्षकार करावे. गोव्यातील एका ग्राहकाला नवी म्हणून जुन्या मॉडेलची गाडी विकल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केले. विक्रेत्याच्या चुकीचा भार आपोआप उत्पादकावर टाकता येत नाही, असे सांगितले. एकालाच धरले आणि तोच सुटला, तर हात रिकामे राहतात.

शोरूमवाल्यांच्या धमकीलाही घाबरू नये. आधी वॉरंटीचे पुस्तक वाचावे आणि बिघाड त्या वायरिंगमुळेच झाला का, हे लेखी मागावे. तोंडी नकार हा नकार नव्हे.

राहिला प्रश्न बिलाचा. बिल न देणे हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. आपल्या तरुणाने पाच हजार फोनवरून पाठवले होते. त्याची नोंद, दुकानदाराशी झालेले व्हॉट्सअॅप संदेश आणि वॉरंटी कार्ड, एवढ्यावर आम्ही दोघांनाही नोटीस पाठवली आहे. पण हाती पक्के बिल असते, तर हे गोळा करण्यात गेलेले पंधरा दिवस वाचले असते. शंभर-दोनशे रुपये वाचवण्याच्या नादात आपण आपला पुरावाच विकतो.

पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही. तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात करता येते; मुदत दोन वर्षांची. बुटीबोरीच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयापर्यंत जाण्याची गरज नाही, आपल्या नागपुरातच तक्रार करता येते. आयोगात तारखा पडतात, तीन महिन्यांत निकाल हे बहुधा कागदावरच राहते, हे वकील म्हणून मी नाकारणार नाही. आयोगांवरील नेमणुकांचे काही नियम नागपूर खंडपीठाने सप्टेंबर २०२१ मध्ये रद्द केले आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. म्हणजे ही व्यवस्था सुधारण्याची लढाईही आपल्याच शहरातून लढली गेली. उशीर होतो म्हणून हक्क सोडायचा नसतो.

महाडचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला. तळ्याच्या पाण्यावरचा आपला हक्क उच्च न्यायालयात मान्य व्हायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे बाबासाहेबांनी तो दावा चिकाटीने लढवला. विरोधकांना रूढी पुराव्याने सिद्ध करता आली नाही आणि ते हरले. आपण महाडचा संगर आठवतो, पण न्यायालयातील ही दहा वर्षे विसरतो.

दुकानदार हा आपला शत्रू आहे, असे मात्र मी म्हणत नाही. तोही अनेकदा ठोक व्यापाऱ्याकडून फसलेला छोटा माणूस असतो. बुटीबोरीत आता आपलीही मुले दुकाने थाटत आहेत. त्यांनी न मागता पक्के बिल द्यावे, वॉरंटी कार्डावर तारीख-शिक्का मारावा. सम्यक आजीविका म्हणजे दुसरे काय?

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयासाठी काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फलकावर लिहा. आणि पुढच्या वेळी दुकानदाराने चिठ्ठी पुढे केली, तर शांतपणे सांगा, "भाऊ, पक्के बिल द्या." जयभीम!