घड्याळ की फिटनेस बँड? गॅलक्सी फिट ३ घेण्याआधी हे वाचा

भाऊबीज असो, आईचा वाढदिवस असो किंवा बाबांची रिटायरमेंट, हल्ली भेटवस्तूंच्या यादीत एक नाव हमखास असतं, ते म्हणजे फिटनेस बँड. ऑनलाइन शोधायला गेलात तर हजार रुपयांपासून पन्नास हजारांपर्यंतचे पर्याय दिसतात. सगळ्यांवर हृदयाचं चित्र, सगळ्यांवर धावणारा माणूस. मग घ्यायचं काय?

यातला एक मधला प्रकार सध्या घराघरात दिसतो. तो धड साधा बँड नाही आणि धड स्मार्टवॉचही नाही. पावलं, झोप, हृदयाचे ठोके मोजतो आणि फोनवरचे मेसेजही दाखवतो. या प्रकाराचं चांगलं उदाहरण म्हणजे सॅमसंगचा गॅलक्सी फिट ३. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो भारतात आला तेव्हा त्याची किंमत ४,९९९ रुपये होती. त्याच्या निमित्तानं या सगळ्या प्रकाराच्या जमेच्या आणि उण्या बाजू पाहूया. तुम्ही दुसऱ्या कंपनीचा बँड घेणार असलात तरी दुकानात विचारायचे प्रश्न बहुतेक हेच असतील.

जमेच्या बाजू

स्क्रीन मोठी आहे. आधीच्या फिट २ ची स्क्रीन १.१ इंचाची होती, याची १.६ इंचाची आहे आणि तीही अमोलेड. चष्मा शोधल्याशिवाय वेळ, पावलं आणि कुणाचा फोन येतोय ते वाचता येतं. साठीच्या पुढच्या वाचकांसाठी ही लहान गोष्ट नाही.

वजन पट्ट्यासकट सुमारे ३७ ग्रॅम आहे. हातात बांगड्या असल्या तरी दुसऱ्या मनगटावर सहज बसतो आणि रात्री घालून झोपलात तर टोचत नाही. झोप मोजायची असेल तर हे महत्त्वाचं, कारण जड घड्याळ लोक रात्री काढूनच ठेवतात.

एकदा चार्ज केला की १३ दिवसांपर्यंत चालतो, असं कंपनी सांगते. स्क्रीन सतत चालू ठेवली किंवा रोज तासभर व्यायाम मोजला तर दिवस कमी होणारच. तरीही ज्या स्मार्टवॉचला रोज किंवा एक दिवसाआड चार्जर लागतो, त्यापेक्षा हे सोपं. ज्यांना फोन चार्ज करायचंही आठवत नाही अशा आईबाबांसाठी तर फारच सोपं. फक्त चार्जिंगची केबल वेगळी असते. ती हरवली तर फोनची केबल चालणार नाही.

पाण्याची भीती नाही. पावसात भिजलात, भांडी घासलीत, पोहायला गेलात तरी चालतं. साबण किंवा घाम लागला तर साध्या पाण्यानं धुऊन कोरडा करा. पट्ट्याखाली ओल राहिली की पुरळ येतं, म्हणून दिवसातून एकदा तरी काढून मनगटाला हवा लागू द्या.

उण्या बाजू

याला स्वतःचं जीपीएस नाही. फोन घरी ठेवून फिरायला गेलात तर तुम्ही किती अंतर चाललात याचा तो पावलांवरून अंदाज बांधतो. नकाशावर रस्ता हवा असेल तर फोन सोबत न्यावा लागतो. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी जीपीएस असलेलं घड्याळ पाहावं.

यात माइक आणि स्पीकर नाही. फोन येतोय हे दिसतं, पण मनगटावरून बोलता येत नाही. मनगटावरून पैसे देण्याची सोयही नाही. ईसीजी नाही, रक्तदाबही मोजता येत नाही.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हा फक्त अँड्रॉइड फोनबरोबर चालतो. घरात कुणाकडे आयफोन असेल तर त्यांना हा भेट देऊ नका. शिवाय काही सुविधा फक्त सॅमसंगच्याच फोनवर मिळतात. दुसऱ्या कंपनीचा फोन असेल तर दुकानातच जोडून दाखवायला सांगा.

पावलं कशी मोजली जातात?

बँडमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. चालताना हात ज्या लयीत हलतो, त्यावरून तो पाऊल ओळखतो. म्हणूनच त्याची फसगत होते. कडेवर बाळ घेऊन तुम्ही घरभर फिरलात किंवा सुपरमार्केटमध्ये ट्रॉली ढकलत हिंडलात, तर हात स्थिर असतो आणि बरीच पावलं सुटतात. उलट बसल्या जागी हात जोरात हलवलेत तर काही फुकटची पावलं जमा होऊ शकतात.

म्हणून रोजच्या आकड्याला फार चिकटू नका. या आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यापेक्षा वाढली की घटली, एवढं बघा. बँडची चूक रोज साधारण सारखीच असते, त्यामुळे अशी तुलना बऱ्यापैकी विश्वासार्ह ठरते.

आणि ते प्रसिद्ध १०,००० पावलांचं लक्ष्य? त्याचा उगम डॉक्टरांच्या दवाखान्यात झालेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमधल्या यामासा कंपनीनं ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारा’. तो गोल आकडा जगभर रुजला. २०२२ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये १५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की साठीपुढच्या लोकांमध्ये रोज ६,००० ते ८,००० पावलांपर्यंत मृत्यूचा धोका कमी होत जातो आणि त्यानंतर फायदा फारसा वाढत नाही. त्याहून तरुण लोकांसाठी हा पल्ला ८,००० ते १०,००० होता. तेव्हा गुडघे दुखत असताना आजीनं केवळ हिरवं वर्तुळ पूर्ण व्हावं म्हणून रात्री साडेनऊला हॉलमध्ये फेऱ्या मारायची गरज नाही. बँडमधलं लक्ष्य बदलता येतं. आज ३,००० होत असतील तर आधी ४,००० ठेवा.

ठोके आणि कॅलरी

बँड उलटा केलात तर हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातलं रक्त कमीजास्त होतं, तसा परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा चुकतो. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, घट्ट पण आवळणार नाही असा बांधा. शांत बसलेलं असताना हा आकडा चांगला येतो. वजनं उचलताना किंवा हात झटकताना भरवसा कमी.

कॅलरीचं मात्र वेगळं आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं ६० जणांवर मनगटावरची ७ उपकरणं तपासली. सातपैकी सहा उपकरणांनी हृदयाचे ठोके ५ टक्क्यांच्या आत बरोबर सांगितले. खर्च झालेल्या कॅलरीत मात्र सगळ्यात अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट उपकरण ९३ टक्क्यांनी. ती उपकरणं त्या काळातली होती आणि त्यात फिट ३ नव्हता, पण कॅलरीचा अंदाज बांधणं मुळातच कठीण आहे. वय, वजन, उंची आणि हालचाल यांवरून लावलेलं ते गणित असतं. बँड म्हणाला ३०० कॅलरी जळल्या आणि चूक २७ टक्क्यांची धरली, तर खरा आकडा सुमारे २२० ते ३८० यांत कुठेही असू शकतो. त्यामुळे ‘आज ३०० जळल्या, आता वाटीभर शिरा चालेल’ हा हिशेब करू नका.

झोपेचा स्कोअर

झोप मोजताना बँड हालचाल आणि ठोके बघतो. तुम्ही जागेच पण अगदी निश्चल पडून असाल तर तो त्याला झोप समजू शकतो. किती वाजता झोपलात आणि किती वाजता उठलात, हे तो बरं सांगतो. गाढ झोप किती मिनिटं, हा मात्र अंदाज असतो.

काही लोक सकाळी उठून छान ताजेतवाने असतात, पण स्कोअर ६२ दिसला की दिवसभर थकल्यासारखं वागतात. परिपूर्ण झोपेच्या आकड्यामागे लागून झोपच बिघडण्याला २०१७ मध्ये अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलं. तुमचं असं होत असेल तर महिनाभर रात्री बँड काढून ठेवा.

आईबाबांसाठी घेत असाल तर

मुलं बंगळुरूत किंवा पुण्यात, आईबाबा इंदूरला किंवा बडोद्याला, अशी घरं आता किती तरी आहेत. अशा घरात बँड घेण्याचं खरं कारण पावलं नसतं, काळजी असते. फिट ३ मध्ये पडल्याचं ओळखण्याची सोय आहे आणि बाजूचं बटण पटापट पाच वेळा दाबलं की मदतीचा संदेश जातो. या किमतीत ही मोठी जमेची बाजू आहे. पण तिच्या मर्यादा समजून घेतल्या नाहीत, तर नुसताच दिलासा मिळेल आणि ऐन वेळी मदत पोहोचणार नाही.

पहिली मर्यादा म्हणजे यात सिम कार्ड नाही. संदेश बँडमधून ब्लूटूथनं फोनकडे जातो आणि फोनमधून तुमच्याकडे येतो. ब्लूटूथ साधारण १० मीटरपर्यंत पोहोचतं, मध्ये भिंती आल्या की त्याहून कमी. फोन बेडरूममध्ये चार्जिंगला आणि आई गच्चीवर कपडे वाळत घालायला, तर बटण कितीही वेळा दाबलं तरी निरोप जाणार नाही.

दुसरी मर्यादा अशी, की प्रत्येक पडणं त्याला कळत नाही. जोरात आदळलं तर ओळखू शकतो. पण चक्कर येऊन भिंतीला टेकत हळूच खाली बसलं तर कदाचित नाही.

तिसरी अडचण आपल्या सवयीची आहे. घसरण्याची भीती सगळ्यात जास्त बाथरूममध्ये असते आणि आपण घड्याळ नेमकं अंघोळीआधी काढून ठेवतो.

म्हणून बँड नुसता कुरियरनं पाठवू नका. सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढं करा:

१. पडल्याचं ओळखण्याची आणि मदतीच्या संदेशाची सेटिंग चालू आहे का ते तपासा. तुमच्याबरोबर शेजारच्या एका विश्वासातल्या व्यक्तीचा नंबरही घाला. बंगळुरूहून इंदूरला पोहोचायला तुम्हाला काही तास लागतील, शेजारच्या काकूंना दोन मिनिटं.

२. त्या सगळ्यांना आधी सांगून एकदा खरोखर बटण दाबून बघा. मग फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पुन्हा दाबा. निरोप कुठून जातो आणि कुठून जात नाही, हे आईबाबांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या.

३. फोनसाठी घराच्या मध्यावर एक जागा ठरवा. गच्चीवर किंवा अंगणात जाताना फोन खिशात किंवा छोट्या पिशवीत सोबत असू द्या.

४. अंघोळीला जाताना बँड हातात राहू द्या, नंतर साध्या पाण्यानं धुऊन पुसा.

५. रोज आकडे विचारून त्यांना भंडावून सोडू नका. ‘आज इतकीच पावलं का?’ असा फोन आठवडाभर रोज आला, तर आठव्या दिवशी बँड कपाटात जाईल आणि सगळी तयारी वाया जाईल.

ही काळजी घ्याच

छातीत दुखतंय, दम लागतोय, एका बाजूचा हात किंवा चेहरा लुळा पडतोय, अशा वेळी बँडचा आकडा बघत बसू नका. तो नॉर्मल दिसला तरी थांबू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा. हे उपकरण आजाराचं निदान करण्यासाठी बनवलेलं नाही.

ऑनलाइन काही स्वस्त घड्याळं ‘सुई न टोचता शुगर मोजा’ अशी जाहिरात करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, फेब्रुवारी २०२४ मध्ये इशारा दिला होता की त्वचेला न टोचता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. अशा आकड्यावर विसंबून इन्सुलिनची मात्रा ठरवली तर जीवावर बेतू शकतं. मधुमेह असलेल्या घरात असलं घड्याळ आणूच नका. ग्लुकोमीटरच वापरा.

मग घ्यावा की नाही?

तुम्ही नुकतंच चालायला सुरुवात केली असेल, अँड्रॉइड फोन वापरत असाल आणि सारखं चार्जिंग नको असेल, तर हा बँड पुरेसा आहे. फोन न घेता धावायला जाणाऱ्यांनी आणि आयफोन वापरणाऱ्यांनी दुसरा पर्याय बघावा. आई किंवा बाबा एकटे राहत असतील आणि फोन जवळ ठेवणं त्यांना जमतच नसेल, तर थोडे जास्त पैसे घालून ई-सिम असलेलं घड्याळ घ्या, ते फोनशिवायही कॉल करू शकतं. मात्र ते जवळजवळ रोज चार्ज करावं लागेल आणि सिमचा वेगळा खर्च येईल, हेही लक्षात घ्या.

आणि काहीही घेतलंत तरी रात्रीचा ‘जेवलात का?’ हा फोन चालू ठेवा. आईचा आवाज आज बसलेला आहे की नाही, ते अजून तरी कुठल्याच बँडला कळत नाही.