घरोघरीं : वेण्णेच्या कांठीं

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरचीं लहानथोर चौदा माणसें महाबळेश्वरास जाऊन आलीं. चौदा माणसांचें कुटुंब एका वेळीं घराबाहेर काढणें हें केवढें दिव्य असतें, तें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. परंतु आज लिहावयाचें आहे तें प्रवासांतील हालांविषयीं नव्हे. वेण्णा तळ्याच्या कांठीं एका दहा वर्षांच्या मुलीनें आम्हां सर्वांस जो धडा दिला त्याविषयीं.

सकाळीं आम्ही क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत गेलों. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री ह्या पांच नद्यांचा उगम तेथें मानतात. गोमुखांतून पडणारें तें गार पाणी आईनें मोठ्या भक्तिभावानें तांब्यांत भरून घेतलें, डोळ्यांस लावलें आणि तांब्याचें तोंड फडक्यानें बांधून तो स्वतःजवळ ठेवला.

दुपारीं सर्व मंडळी तळ्यावर आली. मुलें नावेंत बसलीं, घोड्यांवर बसलीं, भाजलेलीं कणसें खाऊन तृप्त झालीं. मग झाडाखालीं डबे उघडले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात असा बेत होता. जेवणें आटोपल्यावर काकू व धाकट्या वहिनी पाण्याच्या कडेला बसल्या आणि बरोबर आणलेली साबणाची भुकटी काढून डबे घासूं लागल्या. आम्ही पुरुषमंडळी पान खात बसलों होतों. ह्यांत कांहीं वावगें आहे असें आमच्यापैकीं एकाच्याहि मनांत आलें नाहीं. कारण नदीकांठीं भांडीं घासण्याची आपली संवय पिढ्यान्‌पिढ्यांची.

एवढ्यांत माझी पुतणी आईजवळ येऊन म्हणाली, "आजी, सकाळचें तीर्थ आणि हें पाणी एकाच वेण्णेचें ना ग?"

"हो बाळ, तीच ती."

"मग घरीं पिण्याच्या हंड्याला कोणी पारोशानें हात लावला तर तूं रागावतेस. इथें खरकटे डबे बुडवलेले कसे चालतात?"

आईनें कांहींच उत्तर दिलें नाहीं. पाण्यावर हळूहळू पसरणाऱ्या फेसाकडे ती थोडा वेळ पाहत राहिली, आणि मग म्हणाली, "उचला ग ते डबे. मुक्कामावर घासूं."

मुलीनें हंड्याची उपमा दिली असें आम्हांस वाटलें. पण ती उपमा नव्हतीच. हें तळें निसर्गनिर्मित नाहीं. साताऱ्याचे छत्रपति शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज ह्यांनीं तें १८४२ सालीं बांधविलें. विस्तार सुमारें २८ एकर. डोंगरांतील झरे त्यास पाणी पुरवितात आणि त्या पाण्यावर गांवाची तहान भागते. नौकाविहार ही पुढची हौस. तळ्याचें मूळ प्रयोजन पिण्याचें पाणी. येथून खालीं वाहत जाऊन वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णेला मिळते. म्हणजे ज्या हंड्यांत आम्हीं खरकटें विसळलें, तो खरोखरच परक्या घरचा पिण्याचा हंडा होता.

चिमूटभर साबणानें एवढें काय बिघडतें, असा प्रश्न थोरल्या बंधूंनीं परतीच्या वाटेवर केला. तो अगदींच गैर नव्हे. त्याचें उत्तर असें कीं, धुण्याच्या कित्येक भुकट्यांत स्फुरद असतें, आणि स्फुरद हें शेवाळाचें आवडतें खाद्य. १९७३ सालीं कॅनडांतील शास्त्रज्ञांनीं एक लहानसें तळें मधोमध पडदा लावून विभागलें. दोन्ही भागांत कर्ब व नत्र सोडलें. स्फुरद मात्र एकाच भागांत घातलें. तो भाग शेवाळानें हिरवागार झाला, दुसरा तसा झाला नाहीं. शेवाळ माजलें कीं खालीं ऊन पोहोंचत नाहीं. तें मरून कुजूं लागलें कीं पाण्यांतील प्राणवायु संपतो आणि मासे तडफडतात. नदीचें पाणी निदान पुढें वाहून तरी जातें. तळ्यांत पडलेलें पुष्कळसें तळ्यांतच राहतें, आणि आपली चिमूट एकटी नसते. दर सुटीस हजारों चिमट्या तेथें एकत्र होतात.

दुसरें संकट गाळाचें. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. उतारावरील झाडी तुटली कीं जांभ्यावरची तांबडी माती ह्या पाण्याबरोबर सरळ तळ्यांत उतरते. दरवर्षीं थोडी थोडी खोली कमी होते आणि तितकेंच उन्हाळ्याचें पाणी घटतें. स्ट्रॉबेरीच्या मळ्यांतील जादा खत आणि घोड्यांची लीद हींहि पावसाबरोबर त्याच वाटेनें जातात. म्हणून मळेवाल्यास किंवा घोडेवाल्यास दोष देऊन मोकळें होणें आम्हांस मान्य नाहीं. त्यांचीं पोटें त्यावर आहेत आणि मळ्यांतील फळें व घोड्यांची रपेट आपल्यालाच हवी असते. लीद रोजच्या रोज गोळा करून तिचें खत करणें, शेताच्या बांधावर गवत राखणें, ह्या गोष्टी होण्यासारख्या आहेत. महाबळेश्वर-पांचगणीचा प्रदेश केंद्र सरकारनें २००१ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे. पण जाहिरनाम्यानें डबे विसळणारा हात थांबत नाहीं. तो घरांतच थांबवावा लागतो.

यास्तव आमच्या वाचकभगिनींस व बंधूंस विनंति आहे. तळ्याकांठीं जेवावयास बसाल तेव्हां खरकटे डबे तसेच मिटून मुक्कामावर न्यावे. प्लास्टिकच्या पिशव्या व बाटल्या ज्यानें आणल्या त्यानेंच परत न्याव्या. ह्यासाठीं एक रिकामी पिशवी आधींच बरोबर घ्यावी. निर्माल्य पाण्यांत न सोडतां झाडाच्या बुडाशीं मातींत पुरावें. कडेच्या गवतावर व झुडपांवर पाय देऊं नये, कारण वाहून येणारी माती तींच अडवून धरतात. घोड्यावर मुलांस बसवाल तेव्हां घोडेवाल्याशीं गोड शब्दांत लिदेची गोष्ट काढावी. दहा गिऱ्हाइकांनीं तीच विचारली कीं अकराव्यास ती विचारावी लागणार नाहीं. आणि कांठीं केराची सोय दिसली नाहीं, तर परत आल्यावर नगरपालिकेस दोन ओळींचें सभ्य पत्र टाकावें.

सोंवळ्याचा आपल्या घरांतून एके काळीं फार बडेजाव होता व त्यांत माणसांना दूर ठेवण्याचें पापहि आपल्या हातून पुष्कळ घडलें. तें जावयासच हवें होतें. पण पाण्याची जपणूक ही जी त्यांतील सारभूत गोष्ट, ती मात्र घरच्या हंड्यापुरतीच राहिली. ती उंबरठ्याबाहेर नेली तर सोंवळें हा शब्द पुन्हां एकदां सार्थ होईल.

आईचा तो तांब्या देवघरांत आहे. परवां पुतणीनें विचारलें, "आजी, आपण पुन्हां जाऊं तेव्हां तळें असेंच असेल ना ग?" आई म्हणाली, "तें आपल्यावरच आहे." ह्याहून अधिक आम्हांस सांगतां येण्याजोगें नाहीं.