खाँसाहेबांचा षड्ज कुठला?

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांचा नव्याने काढलेला एक संच गेला आठवडाभर ऐकतो आहे. चिजा ओळखीच्या, जागा पाठ. तिसऱ्या रात्री तंबोरा जुळवून सोबत बसलो आणि अडलो. एका चिजेचा षड्ज धरून तारा लावल्या, तर पुढच्या चिजेला त्या लागेनात. तिच्या षड्जाला तारा चढवल्या, तर तिसरीला पुन्हा उतरवाव्या लागल्या.

दोष गळ्याचा नाही. त्या काळी सगळ्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनीच कापल्या जात असं नाही. कुणी ७४ने, कुणी ८०ने कापे. ७४ने कापलेली तबकडी ७८ने वाजवली की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी एकची काळी एक होते, लय पळू लागते, मींड आखडते. संच काढणाऱ्यांनी प्रत्येक तबकडी तपासून तिचा वेग ठरवायला हवा होता. इथे सगळ्यांना एकाच वेगाचं माप लावलेलं आहे.

आणि हे कुणाच्या बाबतीत? मिरजेत घर केलेल्या या गायकाने तंबोरा लावण्यात आयुष्य वेचलं. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स यांनी श्रुतींची मोजमापं मांडली, तेव्हा त्यांच्या प्रयोगांना खाँसाहेबांचा गळा होता. श्रुतीच्या फरकासाठी झटलेल्या माणसाचा षड्जच आपण सरकवून बसलो आहोत. मला याचा राग येतो.

दुसरी तक्रार सालांची. खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणं मुख्यतः दोन खेपांतली. पहिली १९०५च्या सुमाराची, भोंग्यासमोर तोंड नेऊन गायलेली. मायक्रोफोन अजून वीस वर्षं दूर होता. दुसरी १९३०च्या दशकाच्या मध्यातली, ओडियन कंपनीची. पहिल्या खेपेत तिशी ओलांडलेला, तानांनी भरलेला गवई आहे. दुसरीतला साठी उलटलेला, स्वरावर थांबणारा आहे; कर्नाटक संगीताशी इतकं सख्य जमलेला की खरहरप्रियातली त्यागराजांची कृतीही त्याने तबकडीवर गायली. मधल्या तीस वर्षांत जे घडलं ते कळण्यासाठीच तर सुरुवातीच्या तबकड्या ऐकायच्या. वेष्टनावर ना साल, ना साथीदार, ना तबकडीचा क्रमांक. जुनं-नवं एकामागोमाग लावलेलं. साधनं नाहीत म्हणावं, तर मायकेल किनिअर यांचा खाँसाहेबांवरचा चरित्र आणि सूचीचा ग्रंथ २००३ मध्येच आला आहे. मुंबईत १९९० पासून जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संस्थाही आहे. विचारायला माणसं होती.

खरखर काढून टाकण्याचा हव्यासही तसाच. यंत्राने ती पुसताना तिच्याबरोबर तंबोऱ्याची जवारी जाते, श्वास जातो, तारसप्तकातल्या ‘आ’काराची धार जाते. उरतो तो गुळगुळीत आवाज. मला ती खरखर चालते. पाच मिनिटांत कान तिच्यापलीकडे पोचतो. कापून टाकलेली जवारी मात्र कानाने कितीही ताणलं तरी परत येत नाही.

शेवटी एका संग्राहक मित्राकडे गेलो. त्याच्याकडे यातली एक मूळ तबकडी आहे, कडेला टवका उडालेली. त्याने ती फोनोवर चढवली, वेगाचा स्क्रू हळूहळू उलटा फिरवत नेला आणि मला तंबोरा छेडत राहायला सांगितलं. आधी खाँसाहेब वर होते. मग तबकडीतला बारीक तंबोरा माझ्या तंबोऱ्याच्या जवळ आला, दोघांत थोडी लहर उठली आणि ती मिटली. मित्राने स्क्रू सोडला. आवाज भारावला, ठाय झाला; मींड गंधारावरून उतरताना आता घाई करत नव्हती. तीन मिनिटांनी सुई आतल्या वळ्यात फिरू लागली, तरी आम्ही दोघंही ती उचलायला उठलो नाही.