लोकरीची साक्ष

लोकरीचा ओला धागा ताणला असतां लांबतो, सोडतांच पूर्ववत् होतो, हें विणकाम करणाऱ्या भगिनींस ठाऊकच आहे. याचें कारण १९३० च्या सुमारास इंग्लंडांत लीड्स येथें विल्यम ॲस्टबरी यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें शोधिलें. तंतूंतील अणु नियमित रचलेले असल्यास किरण ठराविक दिशांनींच विखुरतात व फोटोच्या पटलावर ठिपके उमटतात. लोकर ताणतांच ठिपके पालटले. यावरून, रेणूंच्या दुमडलेल्या माळा सरळ होतात, हें त्यांनीं ताडिलें. घडीचा आकार मात्र चुकला. तो मळसूत्रासारखा असल्याचें अमेरिकेंत पाउलिंग प्रभृतींनीं १९५१ सालीं मांडिलें. प्रत्यक्ष अबाधित राहिलें, अनुमान बाधित झालें! मुलांस शास्त्र शिकवितांना हा भेद प्रथम शिकवावा.